मधल्याची जागा

आधीच सांगून ठेवते, फुटबॉलच्या संदर्भात कुणी ‘जोश’ आणि ‘जिगर’ असले शब्द वापरले की माझं डोकं फिरतं. जोश काय, माझ्या शाळेतल्या दुसरीच्या पोरांनाही असतो. वीस-बावीस जण एका चेंडूमागे धावतात आणि एकालाही कुठं उभं राहायचं ते माहीत नसतं. फुटबॉल म्हणजे कुणी कुठं उभं राहायचं, बाकी सगळं नंतर. मी शाळेत खेळाची शिक्षिका आहे आणि आमच्या गल्लीच्या संघाची प्रशिक्षकही. गल्ली म्हणजे सगळी वर्कशॉपं. वेल्डर, काचवाला, छापखाना, आणि टोकाला माझ्या तीन भावांचं दारं-खिडक्या बनवायचं दुकान. रविवारी सकाळी यातलेच लोक गोदामांमागच्या मैदानावर उतरतात. सगळे मला बाई म्हणतात. माझा आवाज गोदामाच्या भिंतीवर आपटून परत येतो, असं म्हणून चेष्टा करतात. चेष्टा कसली, खरंच येतो.

पण हे माझ्याबद्दल नाही, माझ्या मधल्या भावाबद्दल आहे. त्याला घरीदारी सगळे मधला म्हणतात. मोठा दादा, मग मधला, मग धाकटा, आणि तिघांच्या पाठीवर मी. लहानपणी एका पलंगावर तिघं झोपायचे तेव्हा हा मध्ये. पांघरूण दोन्हीकडून ओढलं जायचं, त्यामुळे याला ते अंगभर मिळायचं, मध्ये असण्याचा तेवढाच काय तो फायदा. आता तिघांचं घर एकच, मजले वेगळे. खाली दादा, वर धाकटा, मधल्या मजल्यावर कोण ते सांगायला नको. दुकानातही तेच. दादा मापं घेतो आणि लाकूड कापतो, मधला जोडतो, धाकटा घासून पॉलिश करतो.

कित्येक वर्षांपूर्वी या दुकानातलं एक दार चौकटीत बसेना. बोटभर कमी पडलं. गिऱ्हाईक समोर उभं असताना धाकटा बोलून गेला की दादानं मापात घोळ केला. दादा म्हणाला, माप बरोबर होतं, यानं घासून घासून लाकूड खाल्लं. घासून बोटभर लाकूड जात नाही हे मलाही कळतं, पण तेव्हा दोघांपुढे तोंड उघडायची सोय नव्हती. राईचा पर्वत झाला. त्या दिवसापासून दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. दुकान एक, जिना एक, जेवणंसुद्धा पुष्कळदा एकत्र, फक्त बोलणं तेवढं नाही.

मग बोलायचं कुणी? मधल्यानं. दादा करवत थांबवून म्हणायचा, त्या गाढवाला सांग, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारू नको. गाढव चार हातांवर उभं, सगळं ऐकलेलं. मधला त्याच्याकडे वळून सांगायचा, दादा म्हणतोय, घाई नाही, दुपारपर्यंत राहू दे. त्यावर धाकटा म्हणायचा, त्या शहाण्याला सांग, मला शिकवायची गरज नाही. मधला दादाला सांगायचा, बरं म्हणतोय. दोघांनाही मूळ वाक्य ऐकू गेलेलं असायचं, तरी दोघंही मधल्याच्या तोंडून आलेलं तेवढंच खरं धरायचे. त्यावर दुकान चाललं, संसार चालले, आणि खोटं कशाला बोलू, संघही चालला.

ते कसं, ते सांगते. शाळेत असल्यापासून मधला पुढे खेळायचा. पुढे म्हणजे गोल करायला नाही, गोल करणाऱ्यांच्या जरा मागे. फुटबॉलमध्ये त्या माणसाला खेळवणारा म्हणतात, आणि मधला जन्माचा खेळवणारा. आमच्या संघातही मी त्याला तिथंच ठेवला होता आणि मागे बचावाला चौघं उभे केले होते. चार ठेवले की आतले दोघं शेजारी-शेजारी येतात. ते दोघं म्हणजे दादा आणि धाकटा, कारण अंगानं दांडगे तेच. आणि बचाव म्हणजे सगळा बोलण्याचा कारभार. तू जा, मी थांबतो. सोड, माझा आहे. मागे माणूस आहे. पहिल्याच सामन्यात चेंडू दोघांच्या मधून सरळ निघून गेला आणि दोघं एकमेकांकडे न बघता मधल्याला शोधत राहिले. तो बिचारा निम्मं मैदान धावत मागे आला आणि धापा टाकत धाकट्याला म्हणाला, दादा म्हणतोय तो तुझा होता. तोवर गोल झाला होता आणि समोरचे नाचत होते.

म्हणून मी तिघांचा बचाव आणला. लोकांना वाटलं बाईंनी कुठलं तरी पुस्तक वाचलं. पुस्तक कसलं डोंबलाचं, घरचं भांडण. उजवीकडे दादा, डावीकडे धाकटा, मध्ये मधला. दुकानात जी व्यवस्था तीच मैदानात. दादा ओरडायचा, त्याला सांग आत सर, मधला सांगायचा, सर रे आत, आणि धाकटा सरायचा. त्यांच्यापुढे चौघं. दोन टोकांना बस ड्रायव्हर आणि पोस्टमन, कारण मागे तिघंच म्हटल्यावर कडा उघड्या पडतात आणि कडेकडेनं वर जाऊन पुन्हा खाली यायला दमाची माणसं लागतात. मधोमध छापखान्यातले दोघं. गोलात वेल्डर, त्याला कशाचीच भीती नाही. सगळ्यात पुढे भाजीवाला आणि त्याचा मेव्हणा. आणि या दोघांच्या मागे, त्या चौघांच्या पुढे, एकटा एक, खेळवणारा. ती मधल्याची जागा मी चष्म्याच्या दुकानातल्या चष्मेवाल्याला दिली.

खेळवणाऱ्याला ठरलेलं काम नसतं. त्याच्याकडे चेंडू बहुतेक वेळा वाईटच येतो, उसळता, पाठीमागून, पायात अडकणारा. त्यानं तो सरळ करून पुढच्याच्या पायाशी नेऊन ठेवायचा, तेही समोरच्यांच्या गर्दीतून. दहातले सहा डाव फसणारच. फसू देत. मागे तिघं उभे केलेत ते कशासाठी? याचा चेंडू गेला तरी आभाळ कोसळू नये म्हणून. ही सगळी मांडणी एका माणसाला चुकायची मुभा मिळावी म्हणून असते. शाळेत मी पोरांना हे सांगते, पोरं मान डोलावतात आणि पुन्हा सगळी चेंडूमागे पळतात.

आणि जो सगळ्यांत चांगला खेळवणारा, त्याला मी निरोप्या करून मागे उभा केला होता. मधल्यानं ब्र काढला नाही. हंगामामागून हंगाम गेले, आम्ही फार हरत नव्हतो, आणि चालतंय ते चालू द्यावं असं सगळ्यांना वाटत होतं.

यंदा हंगाम संपत आला आणि घोडं अडलं. चष्मेवाल्याच्या बायकोची बदली झाली आणि तो शहर सोडून गेला. त्याच्या जागी मी छापखान्यातल्या थोरल्याला उभं केलं, तर चेंडू मिळाला की तो घाबरून लगेच मागे द्यायचा. पोस्टमनला आणलं, तो चेंडू घेऊन पळतच सुटायचा, कुणाला द्यायचा असतो हे त्या गृहस्थाच्या गावीच नाही. भाजीवाला आणि मेव्हणा पुढे बसची वाट बघत असल्यासारखे उभे. लागोपाठ सामने हरलो. माझा घसा बसला.

शेवटचा सामना राहिला होता, त्या आठवड्यात वहिनी शाळेत आली. वहिनी म्हणजे मधल्याची बायको. शिवणकाम करते, कामाशिवाय कुणाच्या दारात जायची नाही. चेंडूंच्या खोलीत मी हवा भरत बसले होते, तर समोरच्या बाकावर येऊन बसली. मग म्हणाली, मधल्याचा गुडघा आता ऐकत नाही, या रविवारनंतर खेळणं थांबवणार म्हणतात. मी म्हटलं, मला ताकास तूर लागू दिली नाही त्यानं. ती म्हणाली, तुम्हाला काय, मलासुद्धा कालच कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

“घरी येतात तेव्हा बोलायला काही शिल्लकच नसतं,” ती म्हणाली. “दिवसभर दोघांचे शब्द यांच्या तोंडातून जातात. मी विचारते, आज काय झालं? तर दादा काय म्हणाला आणि धाकटा काय म्हणाला ते सांगतात. तुमचं काय, म्हटलं की गप्प. एक सामना त्यांना पुढे खेळू द्या. एक तरी गोष्ट त्यांची स्वतःची होऊ द्या.”

पंप माझ्या हातात तसाच राहिला. मला रडू येत होतं आणि रागही. राग कुणाचा ते कळत नव्हतं, म्हणून मी तो पंपावर काढला. वहिनीला म्हटलं, रविवारी तो पुढेच खेळेल, मग दोघा भावांनी आकाशपाताळ एक केलं तरी चालेल.

त्यांनी केलंच. शनिवारच्या सरावाला मी जाहीर केलं की मधला पुढे, आणि मागे मध्ये काचवाला. काचवाला मोजून मापून चालणारा सज्जन माणूस, आयुष्यात कुणाला धक्का दिलेला नाही. दादा मधल्याकडे वळून म्हणाला, तिला सांग, हा पुढे गेला तर मी खेळणार नाही. धाकटाही मधल्यालाच म्हणाला, सांग तिला, मीपण नाही. म्हणजे ज्याला मागून हलवायचा नाही त्याच्याच हाती त्याचा निरोप! आणि आमचं हे ध्यान माझ्याकडे वळून काय म्हणतं, दोघं म्हणतायत बघू या. मी म्हटलं, मला ऐकू आलं काय म्हणतायत ते, बहिरी नाही मी. ज्याला खेळायचं नसेल त्यानं जर्सी इथं ठेवावी आणि घरी जावं. कुणीही जर्सी काढली नाही. इतक्या वर्षांत दोघांचं एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, म्हणा.

रविवारी समोर बर्फाच्या कारखान्याचा संघ. दिवसभर लाद्या उचलणारी माणसं, एकेकाचे खांदे बघून घ्यावेत. सामना सुरू झाला आणि मधल्याकडे पहिला चेंडू आला. आला म्हणजे काय, छापखान्यातल्या थोरल्यानं घाबरून भिरकावला. मधल्यानं तो छातीवर घेतला, खाली पाडला आणि न बघता मेव्हण्याच्या पायाशी दिला. मेव्हणा इतका चकित झाला की चेंडूवर पाय ठेवून उभाच राहिला. कडेला बसलेली वहिनी ताडकन उठली.

पण लगेच दिसायला लागलं की मधल्याचे पाय पुढे आहेत आणि कान मागे. दादाचा आवाज चढला की हा वळायचाच. दोनदा तर चेंडू सोडून मागे पळत गेला, धाकट्याला काहीतरी सांगितलं आणि पुन्हा वर आला. गुडघा धरून आला. मी कडेवरून बोंबलत होते की मागे जायचं नाही, तर माझ्याकडे बघून ओशाळं हसायचा.

मग ते झालं, जे फक्त आमच्याच संघात होऊ शकतं. बर्फवाल्यांचा एक जण धाकट्याच्या पाठीमागच्या बाजूला शिरत होता. दादाला दिसलं. त्यानं सवयीनं मधल्या जागेकडे तोंड करून आरोळी ठोकली, डावीकडे सरक! त्या जागेवर काचवाला. त्याला काय माहीत हा निरोप पुढे पोचवायचा आहे? त्याला वाटलं आपल्यालाच सांगतायत. तो आज्ञाधारकपणे डावीकडे सरकला आणि जाऊन धाकट्याला धडकला. मधोमध बैलगाडी जाईल एवढं भगदाड पडलं. त्यातून बर्फवाला रमतगमत गेला आणि गोल करून आला. काचवाला उठून आधी धाकट्याची माफी मागू लागला.

मध्यंतराला सगळे पाण्याच्या बाटल्या घेऊन बसले. दादा एका टोकाला, धाकटा दुसऱ्या टोकाला. मधला मध्ये आला, बसला, गुडघा चोळला आणि हळूच मला म्हणाला, “मी मागे जातो. बघितलंस ना काय झालं. मागे मीच बरा.”

मी कितीतरी सुनावणार होते. पण वहिनी तिथंच उभी होती आणि तिनं मान खाली घातली होती. ते मी बघितलं. म्हणून जे बोलले ते हळू बोलले. माझा हळू आवाज त्या लोकांनी कधी ऐकलेला नव्हता.

“तुझ्या जागेवर काचवाला आहे,” मी मधल्याला म्हटलं. “ती आता त्याची जागा. तू मागे आलास तर मी तुला बाहेर काढेन.” मग दादाकडे आणि धाकट्याकडे बघून म्हटलं, “हा आजच्यानंतर खेळणार नाही. तुम्ही दोघांनी विचारलंत त्याला कधी? नाही विचारलंत. त्यालाच सांगत बसलात, त्याला सांग आणि याला सांग.”

दोघांना ते माहीत नव्हतं. तोंडावरून कळलं. दादानं मधल्याच्या गुडघ्याकडे पाहिलं, धाकट्यानंही पाहिलं. पंचांनी शिट्टी वाजवली.

दुसऱ्या अर्ध्यात मधला पुढेच राहिला. वळत होता, पण जात नव्हता. त्याला थांबवून धरताना मला कडेवर घाम फुटत होता. चेंडू आमच्याकडे बराच वेळ राहिला, ड्रायव्हर उजवीकडून दोनदा वर गेला, भाजीवाल्यानं एक धडधडीत संधी गोदामाच्या पत्र्यावर घालवली. वेळ संपत चालली तसा मी काचवाल्यालाही वर पाठवला. उंच आहे, डोक्याला लागला तर लागला. म्हणजे मागे उरले फक्त दोघं.

आणि नेमका तेव्हाच मधल्याचा डाव फसला. त्यानं दिलेला चेंडू बर्फवाल्याच्या नडगीला लागला आणि त्यांनी तो लांब मारला, आमच्या मोकळ्या पडलेल्या निम्म्या मैदानात. त्यांचे दोघं सुटले. मधला वळला आणि लंगडत, जीव खाऊन मागे धावायला लागला. पोचणार नव्हताच. पहिला गडी चेंडू घेऊन धाकट्याच्या अंगावर चालला होता आणि दुसरा धाकट्याच्या पाठीमागून, त्याला दिसणार नाही असा. दादाला दिसत होता. दादानं सवयीनं मध्ये पाहिलं. मध्ये कुणी नव्हतं.

“धाकट्या, मागे!”

मी आजवर मैदानात खूप आरोळ्या ऐकल्या, पण दादानं धाकट्याला थेट मारलेली ही इतक्या वर्षांतली पहिलीच. धाकटा क्षणभर चेंडू विसरून दादाकडे बघत राहिला. मग वळला, पाय घातला आणि दुसऱ्याकडे जाणारा चेंडू मधेच अडवला.

“बघितला, दादा,” तो म्हणाला. मोठ्यानं नाही, पण म्हणाला.

मधला तोवर मैदानाच्या अर्ध्यात येऊन थांबला होता. छाती भात्यासारखी हलत होती. दोघांकडे आळीपाळीनं बघत होता आणि त्याला काय करावं सुचत नव्हतं. त्याच्यापाशी पोचवायला निरोपच नव्हता. दादा त्याच्यावर खेकसला.

“तू काय करतोयस इथं? जा पुढे. आम्ही आहोत.”

आम्ही. हा शब्द त्या घरात कुणी वापरलेला मला आठवत नव्हता. मधला वळला आणि गेला. धाकट्यानं चेंडू त्याच्याकडे मारला, वाईटच मारला, कमरेएवढा उसळता. मधल्यानं तो मांडीवर घेतला. दोन बर्फवाले अंगावर आले, त्यांच्याकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मेव्हणा उजवीकडे हात वर करून ओरडत होता, सगळं जग तिकडे बघत होतं, आणि यानं चेंडू डावीकडे सोडला. तिथं कुणीच नव्हतं. मग तिथं भाजीवाला आला. तो आणि त्यांचा गोलरक्षक यांच्यामध्ये कुणीच नव्हतं, आणि या वेळी पत्रा वाजला नाही.

एक-एक. सामना तिथंच संपला. जिंकलो नाही, कप मिळाला नाही, तक्त्यात आम्ही जिथं होतो तिथंच राहिलो. मी मात्र काचवाल्याच्या गळ्यात पडून भोकाड पसरलं, कारण जवळ तोच होता. तो माझीही माफी मागायला लागला.

घरी निघालो तेव्हा दादा आणि धाकटा मागे होते आणि भांडत होते. पहिला गोल कुणामुळे झाला यावरून. तू मला सांगायचं होतंस, सांगायचं काय, तुला डोळे नाहीत, डोळे आहेत पण पाठीला नाहीत, असं खणखणीत, थेट, एकमेकांच्या तोंडावर. गल्लीत लोक दारात येऊन बघत होते. इतक्या वर्षांचं साचलेलं होतं, ते काय एका रविवारी संपणार होतं? मी चेंडूंची पिशवी घेऊन त्यांच्यामागून चालले होते आणि मला ते भांडण संपूच नये असं वाटत होतं.

सगळ्यात पुढे मधला आणि वहिनी. तो लंगडत होता आणि दोन्ही हात हलवून तिला काहीतरी सांगत होता. मेव्हणा इकडे होता, सगळ्यांना वाटलं मी तिकडेच देणार, पण भाजीवाला निघालाय हे मला आधीच दिसलं होतं, असं काहीसं. वहिनी मध्ये एकही शब्द न बोलता ऐकत होती.

मागून दादाची हाक आली, “मधल्या, याला सांग जरा, काचवाला कुठं उभा होता ते.”

मधल्यानं चालता चालता मान अर्धी वळवली.

“तूच सांग, दादा,” तो म्हणाला. “मी बोलतोय.”

आणि वहिनीकडे वळून त्यानं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.